‘शोले’च्या दोन तबकड्या आणि एक न निघालेली

आम्ही ‘शोले’ आधी ऐकला आणि पुष्कळ नंतर पाहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या वयाच्या अनेकांचे असेच झाले असणार. दुर्गोत्सवाच्या मांडवात, लग्नघरी, आठवडी बाजाराच्या कडेला भोंगा लावलेला असे आणि गाणी वाजता वाजता त्यातून मध्येच गब्बरसिंगाचे हसणे सुरू होई. गाणे थांबले म्हणून कोणी कुरकुर करीत नसे. उलट अवतीभवतीची पोरे पुढचे वाक्य भोंग्याच्या आधी म्हणून मोकळी होत. पुढे तोच चित्रपट पडद्यावर पाहिला तेव्हा मनात जी पहिली भावना आली ती, खरे सांगायचे तर, तक्रारीची होती. किती वेळ ही माणसे काही बोलतच नाहीत! तबकडीवर ती अशी गप्प बसत नव्हती.

ती तक्रार पोरकटच होती. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला होता आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकालाही परका वाटू नये. एकाच कृतीच्या दोन ध्वनिमुद्रिका निघतात, दोन्ही अधिकृत असतात, दोन्हींवर नाव एकच असते. तरी त्या ऐकणाऱ्यांच्या मनात दोन निराळ्या कृती तयार होतात. मग ‘शोले’चे संगीत म्हणजे नेमके काय, आणि ते कोणत्या तबकडीवर आहे?

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रक्षेपित झाले तेव्हा ते अनेक गायक-गायिकांच्या आवाजात होते. पात्रागणिक आवाज बदलत होता. पुढे घराघरांत पोचले ते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातले ध्वनिमुद्रण. शब्द तेच, चालीही त्याच. पण पहिल्यात नाट्य आहे, तर दुसऱ्यात कीर्तन. सीतेचे दुःख सीतेने गाणे आणि निवेदकाने तिच्या वतीने गाणे यात जे अंतर पडते ते ज्याने दोन्ही ऐकले त्यालाच कळते. (याच माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन झाले होते. ‘शोले’चे चित्रीकरणही त्याच वर्षी कर्नाटकातल्या रामनगरजवळच्या खडकांत सुरू झाले. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण आमच्या मनात त्या शेजारी शेजारी बसलेल्या आहेत.)

‘शोले’कडे वळण्यापूर्वी तो ज्या घराण्याचा आहे त्या घराण्याची रीत पाहायला हवी. ज्याला ‘वेस्टर्न’ म्हणतात तो चित्रप्रकार अमेरिकेतला. पण १९६०च्या दशकात सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने त्याला नवे रूप दिले आणि एन्निओ मॉरिकोने या संगीतकाराने त्याला आवाज दिला. लिओनेची माणसे फार थोडे बोलतात. बोलण्याची जागा तिथे शिट्टी, माउथ ऑर्गन, गिटार आणि मानवी गळ्यातून निघणारे निरर्थक स्वर घेतात. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) या चित्रपटासाठी तर मॉरिकोनेने संगीत आधी रचले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते नटांना ऐकवले जाई. साहजिकच तिकडे चित्रपटाच्या संगीताची तबकडी म्हणजे पार्श्वसंगीताचीच तबकडी. तिच्यातही पाठभेद आहेत. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’च्या मूळ तबकडीत अकरा तुकडे होते, २००४ साली निघालेल्या वाढीव आवृत्तीत एकवीस झाले. दरम्यान ह्यूगो मॉन्टेनेग्रो या दुसऱ्याच वाद्यवृंदकाराने वाजवलेली तीच धून १९६८ साली अमेरिकेत लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि अनेकांच्या कानात मूळ म्हणून तीच बसली. तिकडच्या शौकिनांचे वाद असतात ते कोणता तुकडा गाळला, कोणता कापला, कोणता चित्रपटात आहे पण तबकडीत नाही, या स्वरूपाचे. संगीत म्हणजे काय याविषयी मात्र तिथे वाद नसतो.

आपल्याकडे वाद तिथूनच सुरू होतो. हिंदी चित्रपटाचे संगीत म्हणजे गाणी. पार्श्वसंगीत हा शब्दच पाहा: जे पाठीमागे आहे ते. संगीतकार त्यासाठी कित्येक दिवस राबतो, वादक राबतात, आणि चित्रपट उतरला की ते सारे डब्यात जाते. विकायला निघतात ती गाणी. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा पॉलिडॉरने काढलेली तबकडी याच रीतीची होती. आनंद बक्षी यांची गाणी, राहुल देव बर्मन यांचे संगीत. दोन मित्रांचे मोटारसायकलवरचे गाणे आणि त्याचे नंतरचे दुःखी रूप, वीरूने बसंतीची काढलेली खोडी, होळीचे गाणे, बसंतीचे काचांवरचे नृत्य, आणि खुद्द बर्मन यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात गायलेले ते डाकूंच्या तळावरचे गाणे. या शेवटच्या गाण्याची चाल डेमिस रुसोस या ग्रीक गायकाच्या गाण्याच्या फार जवळची आहे हे आता सर्वज्ञात आहे. किशोरकुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि स्वतः आनंद बक्षी यांनी गायलेली एक कव्वालीही ध्वनिमुद्रित झाली होती. तिला चित्रपटात जागा मिळाली नाही. चित्रपटात नसलेले गाणे ध्वनिमुद्रणात शिल्लक राहावे आणि चित्रपटभर असलेले पार्श्वसंगीत तबकडीत नसावे, हा विरोधाभास त्या काळी कोणाला खटकला असेल असे वाटत नाही.

या गाण्यांविषयी आमचे मत फार अनुकूल नाही हे सांगून टाकतो. ती वाईट नाहीत. पण बर्मन यांच्या त्याच वर्षांतल्या ‘आँधी’ किंवा ‘खुशबू’च्या शेजारी ठेवली तर उणी वाटतात. ‘शोले’त बर्मन यांची खरी प्रतिभा पाहायची तर ती गाण्यांबाहेर पाहावी लागते. शीर्षकसंगीत आठवावे. आगगाडी फलाटावर थांबते, दोन घोडेस्वार खडकाळ माळावरून हवेलीकडे निघतात, आणि गिटार व फ्रेंच हॉर्न यांच्या साहाय्याने बर्मन अमेरिकेतला माळ आणि दख्खनचा माळ एकाच सुरात बांधून टाकतात. आमच्याकडे मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. त्यामुळे ती पडद्यावरची आगगाडी आम्हाला परदेशी कधी वाटली नाही. तसे पाहिले तर त्या चित्रपटातला आगगाडीवरच्या हल्ल्याचा लांबलचक प्रसंग पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झालेला आहे, म्हणजे ती आपल्याच मुलखातली.

आता दुसरी तबकडी. अनुपमा चोप्रा यांनी ‘शोले’च्या निर्मितीवर लिहिलेले पुस्तक २००० साली आले, त्यात तिची हकीकत आहे. गाण्यांच्या तबकडीचा खप अपेक्षेइतका होईना, तेव्हा कंपनीची माणसे चित्रपटगृहांत जाऊन बसली, आणि त्यांच्या लक्षात आले की बाहेर पडणाऱ्या लोकांच्या ओठांवर गाणी नाहीत, सलीम-जावेद यांची वाक्ये आहेत. मग निवडक संवादांची तबकडी निघाली. पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. विशेष असे की गब्बरचे काम करणाऱ्या अमजद खान यांचा आवाज या भूमिकेला पुरेसा भारदस्त नाही, तो दुसऱ्या कोणाकडून भरून घ्यावा, अशी चर्चा निर्मितीच्या काळात झाली होती. तोच आवाज पुढे तबकडीवर विकला गेला, आणि ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीतही.

वऱ्हाडात या तबकडीने मुळे धरली त्याला आणखी एक कारण असावे असे आम्हाला वाटते. १९५६ पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता, आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडात. हिंदी इथे रेडिओवरून आलेली नव्हे, बाजारातून आणि कचेरीतून आलेली भाषा आहे. त्यामुळे गब्बरची खडी बोली आणि पूरबी यांची ती विचित्र भेसळ इथल्या पोरांच्या जिभेवर सहज बसली. शिवाय गब्बरसमोर थरथरत उभा राहणारा कालिया म्हणजे विजू खोटे. तो आवाज तर आपलाच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. य. खु. देशपांडे हे यवतमाळचे. इथल्या शारदाश्रमात त्यांनी पोथ्या जमवल्या, आणि ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे त्यांचे पुस्तक १९२५ साली आले. ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि नंतर ती शिष्यांनी स्मरणाने पुन्हा उभी केली, त्यातून निरनिराळे पाठ निर्माण झाले, ही गोष्ट आपण पदवीच्या वर्गात शिकतो आणि शिकवतो. केसोबासांनी लीळांमधून श्रीचक्रधरांची वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, हेही शिकवतो. वचन वेगळे काढले की ते पाठ होते, सर्वत्र नेता येते. मात्र ते कोणत्या प्रसंगी, कोणाला, कोणत्या स्वरात म्हटले गेले हे सांगायला पुन्हा दुसरी सोय करावी लागते. एका धर्मग्रंथाची आणि एका डाकूपटाची तुलना करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. सांगायचे आहे ते एवढेच की प्रसंगातून वचन सोडवून घेतल्यावर काय टिकते आणि काय सुटते, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने फार पूर्वीच हाताळलेला आहे. संवादांची तबकडी ऐकताना तीच हत्यारे हाताशी घ्यायला हरकत नाही.

आणि ती घेतली की एक अनपेक्षित गोष्ट दिसते. संवादांची तबकडी चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरूनच उचललेली. ध्वनिपट्टीवर संवाद एकटे नसतात. त्यांच्याखाली पार्श्वसंगीत असते, पावलांचे आवाज असतात, वारा असतो. गब्बरच्या तळावरचा प्रसंग घ्या. तो आधी दिसत नाही, त्याचे बूट खडकावर वाजतात, पट्टा दगडाला घासत जातो. मग ते प्रसिद्ध प्रश्न, आणि त्या प्रश्नांच्या मधल्या मोकळ्या जागांत खर्जातला, ओढून धरलेला, अंगावर काटा आणणारा तो स्वर. पिस्तुलाचे चक्र फिरते, चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही. सगळे हसू लागतात, आणि हसणे नको इतके लांबते. हे सारे बर्मन यांचे आणि ध्वनिमुद्रकांचे काम आहे. गाण्यांच्या तबकडीने ते नाकारले. संवादांच्या तबकडीने ते न मागता, न सांगता, शब्दांच्या पोटात घालून घराघरांत पोचवले. वेष्टणावर संवाद लिहिलेले होते, पण ‘शोले’च्या पार्श्वसंगीताची, म्हणजे मॉरिकोनेच्या अर्थाने ‘शोले’च्या संगीताची, त्या काळी विकत मिळणारी खरी तबकडी तीच होती. आम्ही पोरे मांडवाशी उभे राहून वाक्ये म्हणत होतो तेव्हा दोन वाक्यांमधला विराम नेमका किती हे आम्हाला पाठ होते. तो विराम संगीताने मोजलेला होता, हे समजायला पुष्कळ वर्षे गेली.

जिल्ह्याच्या गावी चित्रपट यायचा तो ३५ मिलिमीटरच्या प्रतीत. मुंबईत ‘मिनर्व्हा’त ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, स्टिरिओफोनिक ध्वनीत लोकांनी जे ऐकले ते इकडे कोणी ऐकलेच नाही. पडद्यामागच्या एकाच कर्ण्यातून सगळे यायचे, त्यात रीळ झिजलेले. अशा स्थितीत नवी कोरी तबकडी किंवा कॅसेट हीच अनेकदा चित्रपटगृहापेक्षा स्वच्छ प्रत ठरत होती. मूळ कोणते आणि नक्कल कोणती याचा हिशेब गावागणिक बदलतो तो असा.

मात्र संवादांच्या तबकडीचेही एक आंधळे ठिकाण आहे, आणि आमच्या मते ‘शोले’विषयी बोलायचे ते त्याविषयीच बोलायला हवे. जिथे कोणी बोलतच नाही तो प्रसंग संवादांच्या तबकडीत कसा यावा? संध्याकाळी जय ओसरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो. समोर हवेलीच्या सज्जात ठाकूरची विधवा सून राधा एकेक दिवा मालवत जाते. तो पाहतो, ती पाहते, कोणी काही म्हणत नाही. असे हे अनेकदा घडते, आणि तेवढ्यावर एक संपूर्ण प्रेमकथा उभी राहते. ती धून भानू गुप्ता यांनी वाजवलेली आहे. सबंध चित्रपटात लिओने-मॉरिकोनेच्या रीतीला सर्वांत जवळचे असे जर काही असेल तर ते हे: वाद्यच पात्राची भाषा झालेले. फरक एवढाच की ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधला माउथ ऑर्गन सूडाची आठवण देतो, बर्मन यांचा मात्र विधवेच्या अंगणात उभा राहून परवानगी मागतो. परकी वस्तू आपल्या समाजात आणली की तिचा अर्थ कसा पालटतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

माउथ ऑर्गनचा हा सूर कोणत्या गाण्यात नाही. म्हणून पहिल्या तबकडीला त्याचे काम नव्हते. त्याच्याभोवती शब्द नाहीत, म्हणून दुसरीलाही नव्हते. राधाला चित्रपटात एकही गाणे नाही. जय-वीरूला आहे, बसंतीला आहे, डाकूंच्या तळावर नाचणाऱ्या बंजारा स्त्रीलाही आहे. राधाला संवादही मोजके. ती पूर्वी किती बोलकी, किती खट्याळ होती हे जयला कळते ते रामलालच्या तोंडून. म्हणजे तिची कहाणी तबकडीवर आलीच तर ती दुसऱ्याने सांगितलेली म्हणूनच येणार. गाणी विकणाऱ्यांनी काय घ्यावे आणि वाक्ये विकणाऱ्यांनी काय घ्यावे याचे नियम बाजाराने ठरवले होते. त्या दोन्ही नियमांच्या मधल्या फटीतून नेमकी ती विधवा गळून पडली. कोणी तिला मुद्दाम वगळले असे नाही. म्हणूनच ही गोष्ट आम्हाला अधिक बोचते. ज्यांनी ‘शोले’ केवळ ऐकला, आणि आमच्या जिल्ह्यात असे पुष्कळ होते, त्यांच्या ‘शोले’त राधा जवळजवळ नव्हतीच.

आमच्यापैकी एकीच्या आईने एकदा विचारले होते, ‘त्यातली ती पांढऱ्या लुगड्यातली पोरगी, तिचं पुढे काय झालं?’ आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. गब्बरचे काय झाले हे मात्र तोंडपाठ होते.

तेही अर्थात अपुरेच पाठ होते. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला खिळ्यांच्या बुटांनी ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरला ते मान्य झाले नाही, आणि ऐनवेळी पोलीस येऊन कायद्याची आठवण देतात असा शेवट चिकटवला गेला. संकलक मा. स. शिंदे यांना याच चित्रपटासाठी ‘फिल्मफेअर’चा पुरस्कार मिळाला, आणि तो त्या वर्षी ‘शोले’ला मिळालेला एकुलता एक. मूळ शेवट व्हिडिओ प्रतींतून हिंडत राहिला. मग २०२५ च्या जूनमध्ये पुनरुज्जीवित प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत मूळ शेवटासह दाखवली गेली. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा मोठाच फरक: सूड पुरा होतो की कायद्याच्या हाती सोपवला जातो. गाण्यांच्या तबकडीवर मात्र या सगळ्या उलथापालथीचा मागमूस नाही. आणीबाणीआधी, आणीबाणीत आणि पन्नास वर्षांनंतर ती गाणी जशीच्या तशी.

राधाची गोष्ट मात्र कोणत्याच पाठात बदलत नाही. जय मरतो. ठाकूरने तिच्या पुनर्विवाहाचे बोलणे तिच्या वडिलांशी केलेले असते, ते तिथेच संपते. नवी प्रत आम्ही काही जणांनी मिळून पाहिली. नव्या शेवटाची चर्चा मध्यंतरातच सुरू झाली होती, आणि शेजारच्या रांगेतली मुले आमच्याच जुन्या सवयीने वाक्ये आधी म्हणत होती. माउथ ऑर्गन सुरू झाला तेव्हा म्हणण्यासारखे काही नसल्यामुळे ती गप्प झाली. सज्जातला शेवटचा दिवा गेला आणि जयने वाजवणे थांबवले. मग पुढच्या प्रसंगातले पहिले वाक्य आले, आणि मुले पुन्हा बोलू लागली.